दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लांबच्या विमानप्रवासाची चौकशी करणारे बहुतेक लोक एक भागाकार करून आलेले असतात. अंतर इतकं, विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर, म्हणजे इतके तास. तिकिटावर मात्र भलताच आकडा असतो आणि मग प्रश्न सुरू होतात. खालचे बरेचसे प्रश्न त्या भागाकारातूनच आले आहेत. उदाहरणासाठी शक्य तिथे एकच जोडी घेतली आहे: सिंगापूरचं चांगी आणि न्यूयॉर्कचं जेएफके. नियमित चालणाऱ्या विनाथांबा सेवांमध्ये ही जोडी सगळ्यात लांबची. आणि अंतर जितकं लांब, तितका भागाकारातला घोटाळा जास्त स्पष्ट दिसतो.

वेबसाइटवर दोन विमानतळांमधलं जे अंतर दिसतं, ते नेमकं कशाचं?

पृथ्वीच्या पाठीवरून जाणाऱ्या सगळ्यात जवळच्या वाटेचं. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक सिंगापूरवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणा. दोरा आपोआप ज्या रेषेवर बसतो तिला ग्रेट सर्कल किंवा बृहद्वृत्त म्हणतात. चांगी ते जेएफके हा दोरा १५,३४९ किमी भरतो. हे अंतर भूमितीचं आहे. त्यात वारा नाही, देशांच्या सीमा नाहीत, धावपट्टीची दिशाही नाही. विमान तेवढंच उडेल असा त्याचा अर्थ नाही.

पण नकाशावर विमानाची वाट धनुष्यासारखी वाकलेली दिसते. सरळ का जात नाहीत?

विमान सरळच जातं, वाकडा नकाशा असतो. आपण पाहतो तो सपाट नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा, म्हणजे १५६९ साली जहाजांच्या खलाशांसाठी काढलेल्या नकाशाचा वंशज. होकायंत्राची दिशा न बदलता जहाज हाकायला तो उत्तम, पण ध्रुवांकडे जावं तसा तो सगळं ताणून मोठं करतो. ग्रीनलंड त्यावर जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट आहे.

बीजिंग आणि न्यूयॉर्क ही दोन्ही शहरं साधारण ४० अंश उत्तर अक्षांशावर आहेत. नकाशावर पट्टी ठेवली तर वाट पॅसिफिक ओलांडून सरळ पूर्वेला जाते आणि त्या अक्षांशावरून गेलात तर १४,००० किमीच्या पुढे अंतर पडतं. दोरा ताणून पाहिलात तर तो उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो आणि अंतर भरतं सुमारे ११,००० किमी. तीन हजारांहून जास्त किलोमीटरांचा फरक, आणि तो केवळ कागद सपाट असल्यामुळे!

एकाच जोडीसाठी दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात. खरा कोणता?

दोन्ही. पृथ्वी पक्की गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवाशी ६,३५७ किमी. कुणी हा चपटेपणा धरून हिशेब करतं, कुणी सरासरी ६,३७१ धरून गोलाचं सोपं सूत्र वापरतं. फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. प्रवाशाला त्याचं काही देणंघेणं नसतं. फरक मोठा दिसला तर आधी एकक बघा.

म्हणजे मैल आणि किलोमीटरची गल्लत?

आणि तिसरा म्हणजे नॉटिकल मैल. १ नॉटिकल मैल म्हणजे बरोबर १.८५२ किमी, साधा मैल १.६०९ किमी. चांगी–जेएफके १५,३४९ किमी, ९,५३७ मैल किंवा ८,२८८ नॉटिकल मैल. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रण नॉटिकल मैलात बोलतात. बातम्यांमध्ये हे आकडे नुसते ‘मैल’ म्हणून छापले जातात आणि वाचणारा १.६ ने गुणून चुकीचे किलोमीटर काढतो.

मग अंतराला ९०० ने भागलं की वेळ का निघत नाही?

आधी तो ९०० कुठून आला ते बघू. लांब पल्ल्याची आजची विमानं, एअरबस ए३५० किंवा बोइंग ७८७, ध्वनीच्या वेगाच्या साधारण ८५ टक्के वेगानं उडतात. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते. त्या थंडीत ध्वनीचा वेग ताशी १,०६० किमीच्या जवळ येतो आणि त्याचे ८५ टक्के म्हणजे ९०० किमी. आकडा बरोबर आहे. पण तो हवेतला वेग आहे, जमिनीवरचा नाही.

विमान हवेत उडतं आणि हवा स्वतः वाहत असते. नदीत नाव वल्हवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. त्याचे हात तेवढेच चालतात. प्रवाहासोबत काठावरची झाडं भराभर मागे जातात, उलट्या दिशेनं तीच झाडं हलता हलत नाहीत. विमानातल्या समोरच्या पडद्यावर ‘ग्राउंड स्पीड’ दिसतो तो काठावरच्या झाडांचा वेग. एकाच उड्डाणात मी तो ७८० आणि १,०४० असा दोन्ही पाहिला आहे, आणि इंजिनाच्या आवाजात मला काडीचा फरक ऐकू आला नव्हता.

दुसरं, सगळा वेळ काही विमान त्या वेगानं जात नाही. गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगणं, वर चढणं, शेवटी उतरणं, धावपट्टीच्या दिशेला लागण्यासाठी वळणं, या सगळ्यात अर्धा-पाऊण तास जातो. हा खर्च अंतरावर अवलंबून नसतो. त्यामुळे ५०० किमीच्या प्रवासाला भागाकारानं ३३ मिनिटं निघतात आणि तिकिटावर सव्वा तास असतो. लांबच्या प्रवासात तोच खर्च पोटात जिरून जातो.

तिसरं, विमान ताणलेल्या दोऱ्यावरून जातच नाही. चांगी–न्यूयॉर्क मार्गावर प्रत्यक्षात सुमारे १६,७०० किमी कापावे लागतात. त्याला आता पावणेएकोणीस तासांनी भागा. ताशी ८९० च्या आसपास उत्तर येईल. म्हणजे भागाकाराची रीत बरोबर होती, पण त्यात घातलेलं अंतर चुकीचं होतं.

घाईत अंदाज काढायचा असेल तर?

दोऱ्याचं अंतर किलोमीटरमध्ये घ्या, ८५० ने भागा, वर ३५-४० मिनिटं टाका. १५,३४९ ला साडेअठरा तासांच्या पुढे उत्तर येतं आणि वेळापत्रकही जवळपास तेच सांगतं. ५०० किमीलाही ही रीत चालते. मात्र हे जाण्या-येण्याचं सरासरी उत्तर आहे.

पूर्वेला जाताना सात तास, पश्चिमेला येताना आठ. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण चुकीचं उत्तर इतकं पटण्यासारखं आहे. ‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला उडालं की गाव आपल्याकडे येतं.’ तसं असतं तर पश्चिमेकडचा प्रवास लवकर संपायला हवा. प्रत्यक्षात नेमकं उलट होतं. वातावरण पृथ्वीबरोबर फिरतंच, आणि विमान त्या वातावरणातच असतं.

फरक करतो तो जेट स्ट्रीम. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, म्हणजे विमानं उडतात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे वाऱ्याचे अरुंद पट्टे. ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची उबदार हवा यांच्या सीमेवर ते तयार होतात. हिवाळ्यात हा तापमानातला फरक वाढतो, म्हणून वारेही जोर धरतात. ताशी ३०० किमीचा टप्पाही ओलांडतात. (या अर्थानं पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहेच. हवा उत्तरेकडे जाता जाता पूर्वेला वळते ती त्यामुळे. पण तो हात वाऱ्यामार्फत लागतो.)

हे वारे १९२०च्या दशकात जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून मोजले होते. जगभर पोचावं म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो भाषेत लिहिला आणि त्यामुळे तो जवळजवळ कुणीच वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या बॉम्बफेकी विमानांना हे वारे आडवे आले, तेव्हा कुठे जगाला त्यांचं महत्त्व कळलं.

न्यूयॉर्क–लंडन अंतर सुमारे ५,५४० किमी. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ तिथून ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबानं त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या पुढे गेला होता. ध्वनीचा वेग मात्र त्यानं ओलांडला नव्हता, कारण भोवतालची हवाच त्याच्यासोबत धावत होती.

म्हणजे जाताना जेवढं कमावलं तेवढंच येताना गमावलं, बरोबर?

नाही, गमावलं जास्त जातं. वारा दोन्ही वेळी ताशी १५० किमीचा धरू. ५,५४० किमी जाताना वेग १,०५०, वेळ ५ तास १७ मिनिटं. येताना वेग ७५०, वेळ ७ तास २३ मिनिटं. बेरीज १२ तास ४० मिनिटं. वाराच नसता तर दोन्ही मिळून १२ तास १९ मिनिटं लागली असती. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून फिटंफाट होत नाही.

लांबचा रस्ता घेऊन लवकर पोचता येतं हे खरं आहे का?

खरं आहे. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को या जोडीचा दोरा जवळजवळ थेट उत्तरेला जाऊन ध्रुवाकडून पलीकडे उतरतो. एअर इंडियाचं विमान पूर्वी युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूनं, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट हजाराहून जास्त किलोमीटरनं वाढून १५,३०० किमीवर गेली, पण पाठीशी वारा मिळाल्यामुळे साधारण साडेचौदा तासांत विमान पोचलं आणि जवळपास दोन तास वाचले.

असा हिशेब रोज नव्यानं करावा लागतो. अटलांटिकवर तर त्या दिवसाचे वारे बघून विमानांसाठी समांतर मार्ग आखून दिले जातात. तुम्ही काल ज्या विमानानं आलात तेच विमान आज शेकडो किलोमीटर उत्तरेकडून गेलेलं असू शकतं.

वाऱ्याशिवाय आणखी कशामुळे वाट लांबते?

मुख्य कारण बंद हवाई हद्द. याचं सगळ्यात ठळक उदाहरण हेलसिंकी–टोकियो. रशियावरून ही वाट साडेनऊ तासांच्या आसपास होती. फेब्रुवारी २०२२ नंतर ती हद्द बंद झाली आणि वेळ तेरा तासांवर गेला. काही विमानं तर उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. गंमत म्हणजे फिनएअरनं १९८३ मध्ये हा मार्ग सुरू केला तेव्हाही शीतयुद्धामुळे ध्रुवावरूनच जावं लागत होतं. पृथ्वी तेवढीच आणि विमानतळही तिथेच, तरी चाळीस वर्षांत दोन्ही अंतरं बघून झाली.

दुसरं कारण डोंगर. तिबेटच्या पठारावरून मोठी विमानं शक्यतो जात नाहीत, आणि त्याचं कारण ‘विमान तेवढं उंच उडू शकत नाही’ हे नाही. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला भराभर ३ किमी उंचीपर्यंत खाली यावं लागतं, आणि ते पठारच सरासरी साडेचार किमी उंच आहे. वरून खाली पडणाऱ्या मास्कमधला प्राणवायू साधारण १५-२० मिनिटं पुरतो. तेवढ्यात पठार ओलांडून सखल भाग गाठता आला पाहिजे.

तिसरं कारण मोकळा समुद्र. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं, तर उरलेल्या इंजिनावर ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ वाटेवर कायम असावा लागतो. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांवर आली. ए३५० ला आता ३७० मिनिटांपर्यंत परवानगी आहे. त्यामुळे दक्षिण गोलार्धातल्या ओसाड समुद्रावरूनही जवळजवळ सरळ जाता येतं.

तिकिटावर ‘१८ तास ४० मिनिटं’ लिहिलंय. यात काय काय धरलेलं असतं?

गेटवरून विमान मागे ढकललं जातं त्या क्षणापासून पलीकडच्या गेटला लागून थांबेपर्यंतचा वेळ. याला ब्लॉक टाइम म्हणतात. बोर्डिंग, सुरक्षा तपासणी, सामानाची वाट पाहणं यात नाही.

शिवाय कंपन्या त्यात थोडी सैल जागा ठेवतात. सुटायला उशीर झाला तरी ‘वेळेवर पोचलो’ म्हणता यावं यासाठी. वेळेपासून १५ मिनिटांच्या आत आलेलं विमान वेळेवरच धरतात. वीस मिनिटं उशिरा सुटून दहा मिनिटं लवकर पोचण्याची जादू बहुतेक वेळा या सैलपणाची असते, वैमानिकानं दामटल्याची नव्हे.

लवकर पोचण्याला एक ग्यानबाची मेखही आहे. एकदा पाठीच्या वाऱ्यामुळे आम्ही पस्तीस मिनिटं आधी उतरलो. गेट रिकामं नव्हतं. चाळीस मिनिटं आम्ही खिडकीतून ते गेट अडवून बसलेलं विमान बघत बसलो, आणि कागदोपत्री पाच मिनिटं ‘उशिरा’ पोचलो.

सुटायची आणि पोचायची वेळ वजा केली की प्रवासाचा वेळ मिळतो ना?

दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात, त्यामुळे थेट वजाबाकी चालत नाही. हिवाळ्यात सिंगापूर न्यूयॉर्कच्या १३ तास पुढे असतं. शनिवारी पहाटे १२:०५ ला सिंगापूरहून निघा, १८ तास ४० मिनिटं उडा, आणि घड्याळ १३ तास मागे घ्या: न्यूयॉर्कमध्ये शनिवारचेच पहाटेचे ५:४५. तिकिटावरच्या आकड्यांवरून प्रवास पावणेसहा तासांचा वाटेल. परतताना शुक्रवारी रात्री १०:३० ला न्यूयॉर्क सोडा, १८ तास ५० मिनिटं धरा, आणि सिंगापूरला उतराल तेव्हा रविवारचे सकाळचे ६:२० झालेले असतील. शनिवार कुठे गेला ते विचारू नका.

उन्हाळ्यात हाच फरक १२ तासांचा होतो, कारण न्यूयॉर्क घड्याळ एक तास पुढे करतं आणि सिंगापूर करत नाही. मार्च आणि नोव्हेंबरमधल्या तिकिटांवर हा एक तास पुन्हा तपासावा.

निघण्याच्या आधीच पोचता येतं म्हणतात ते कसं?

आंतरराष्ट्रीय वाररेषा पूर्वेकडे ओलांडली की एक दिवस परत मिळतो. ऑकलंडहून जानेवारीतल्या शनिवारी रात्री ११:५५ ला निघून नऊ तासांनी होनोलुलूला उतरलात तर तिथे शनिवारचे सकाळचे ९:५५ वाजलेले असतात. हॉटेल आरक्षित करताना लोक इथे हमखास चुकतात आणि एक रात्र पुढची घेतात.

वैमानिक थोडं जोरात नेऊन वेळ भरून का काढत नाहीत?

थोडा काढतात. पण ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्क्यांवरून ८७ टक्क्यांवर गेलं तरी सोळा तासांत वीस-बावीस मिनिटंच वाचतात, आणि इंधन मात्र चांगलंच जास्त जळतं. ध्वनीच्या जवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो. कॉनकॉर्डनं ती भिंत ओलांडली होती: ७ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यूयॉर्क–लंडन २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत. पण तिचा पल्ला ७,००० किमीच्या आसपासच होता. म्हणजे आपल्या चांगी–जेएफके मार्गावर तिला दोनदा तरी इंधन घ्यायला उतरावं लागलं असतं.

इतकं लांब जाणारं विमान वेगळं असतं का?

या मार्गावर ए३५०-९००यूएलआर, म्हणजे अतिलांब पल्ल्याचं ए३५०, चालतं. टाक्यांमध्ये १,६५,००० लिटर इंधन मावतं, साध्या ए३५०-९०० च्या १,४१,००० च्या तुलनेत. हे इंधन सुमारे १३० टन होतं आणि टेकऑफच्या वेळी विमानाचं कमाल वजन २८० टन. म्हणजे जवळजवळ अर्धं विमान इंधनच! ते वाहून नेण्यासाठीही इंधन जळतं, म्हणून बाकी भार कमी करतात. तीनशेच्या वर माणसं मावतील अशा विमानात फक्त १६१ आसनं आहेत आणि साधा इकॉनॉमी वर्गच नाही.

याहून लांब जाता येईल का?

पृथ्वीचा घेर ४०,००० किमी. म्हणजे कुठलेही दोन विमानतळ जास्तीत जास्त २०,००० किमीवर असू शकतात. ऑस्ट्रेलियाची विमानकंपनी क्वांटास सिडनी–लंडन या सुमारे १७,००० किमीच्या विनाथांबा सेवेची तयारी करत आहे; २०१९ मध्ये लंडनहून सिडनीला केलेल्या त्यांच्या चाचणी उड्डाणाला १९ तास १९ मिनिटं लागली होती. १९४७ मध्ये याच दोन शहरांमधल्या प्रवासाला वाटेत थांबत थांबत चार दिवस लागत. आणि विमानाची नुसती ताकद विचाराल, तर नोव्हेंबर २००५ मध्ये बोइंग ७७७-२००एलआर हाँगकाँगहून निघून पूर्वेकडून लंडनला गेलं होतं: २१,६०० किमी, २२ तास ४२ मिनिटं. त्यात तिकीट काढलेले प्रवासी नव्हते.

थेट जावं की मध्ये थांबून?

थांब्याच्या गावासाठी दोरा किती वाकतो ते आधी बघा. गाव दोऱ्याच्या जवळ असेल तर अंतर फारसं वाढत नाही. थांब्याचे दोन-तीन तास आणि दुसऱ्यांदा चढण्या-उतरण्याचा अर्धा तास एवढंच वाढतं. गाव आडबाजूला असेल तर तीन हजार किमी सहज वाढतात. पश्चिमेकडे जाणाऱ्या हिवाळ्यातल्या प्रवासात जोडविमानासाठी सव्वा तास ठेवू नका. मी ठेवला होता. समोरच्या वाऱ्यानं पन्नास मिनिटं खाल्ली, आणि उरलेली पंचवीस मिनिटं मी एका लांबलचक कॉरिडॉरमधून धावत काढली. दार बंद होतं.

अंतर काढताना शहराचं नाव टाकलं तर चालेल का?

विमानतळाचं तीन अक्षरी संकेतनाम टाका. लंडनला हीथ्रो आणि गॅटविक रस्त्यानं साधारण ७० किमीवर आहेत. टोकियोत हानेडा शहराला लागून आहे आणि नारिता साठेक किलोमीटर लांब. विमानातला वेळ तोच, घराच्या दारापर्यंतचा मात्र दीड तासानं वेगळा. आणि नावं सारखी असली की आणखी पंचाईत. सॅन होजे कॅलिफोर्नियातही आहे आणि कोस्टारिकातही. सिडनी कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातही आहे, तिचं संकेतनाम वायक्यूवाय. ऑस्ट्रेलियाला निघालेले प्रवासी तिथे उतरल्याची उदाहरणं एकाहून जास्त आहेत. प्रवासाचा वेळ अपेक्षेपेक्षा फारच कमी दिसत असेल, तर खूश होण्याआधी संकेतनाम वाचा.